एक मूठ अंतर

प्राध्यापक तादाहारु कुरेमात्सु यांनी उभ्या आयुष्यात एकही उपयोगी गोष्ट केलेली नव्हती, आणि हे ते छाती फुगवून सांगायचे! फुकुओकाच्या विद्यापीठात तीस वर्षं त्यांनी मूळ संख्यांवर काढली. "माझ्या एकाही सिद्धान्तानं आजवर कुणाचा पूल उभा राहिला नाही की कुणाचं यंत्र चाललं नाही," असं ते नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला ऐकवायचे. त्यांचं गणित सोवळ्यातलं. व्यवहाराचा शिंतोडा उडाला तरी आंघोळ करावी लागेल, अशी एकूण तऱ्हा.

आणि अशा माणसाच्या विद्यापीठानं नेमका यंदाच नियम काढला : गणिताच्या प्रत्येक प्राध्यापकानं वर्षातून एकदा तरी एखाद्या उद्योगाची खरीखुरी अडचण सोडवून द्यायची. उद्योगांनी आपापल्या अडचणी लिहून पाठवल्या. त्या वाटून घ्यायच्या दिवशी कुरेमात्सु दाताच्या डॉक्टरपुढे तोंड वासून बसले होते. परत आले तोवर पोलादवाले गेले, औषधवाले गेले, हवामानवालेसुद्धा गेले. टेबलावर एकच कागद उरला होता : 'मुशिरो बेट फेरी कंपनी. जहाजं : एक. अडचण : गाड्या मावत नाहीत.'

कुरेमात्सु हसले. गालाची एकच बाजू हसली, कारण दुसरी अजून बधिर होती.

"गाड्या मावत नाहीत?" ते म्हणाले. "एका दुपारचं काम!"

मुशिरो बेट काही जगाच्या टोकाला नाही. किनाऱ्यापासून जहाजानं सव्वा तास. पण बेटावरचा दवाखाना ताप-खोकल्यापुरता. मोठं हॉस्पिटल, मोठा बाजार, मोठी शाळा, सगळं पलीकडे. सकाळी पावणेआठला 'चिदोरी-मारू' सुटते आणि संध्याकाळी पाचला परत येते. सकाळची चुकली की दिवस गेला.

कंपनीचं ऑफिस म्हणजे धक्क्यावरची एक खोली, आणि त्या खोलीत शिगेनोबाई. तिकिटं त्याच फाडायच्या, हिशेब त्याच लिहायच्या, वादळाची सूचना आली की लाल बावटाही त्याच चढवायच्या. प्राध्यापक येणार म्हणून त्यांनी खिडकीची काच पुसून ठेवली होती.

"सर, आमच्या जहाजावर बावीस गाड्या बसतात," त्या म्हणाल्या. "गर्दीच्या दिवशी येतात अठ्ठावीस-एकोणतीस. उरलेल्या धक्क्यावरून परत जातात. जहाज मोठं करता येत नाही, गाड्या लहान करता येत नाहीत. म्हणून म्हटलं, गणितात काही असेल तर बघा."

"आहे ना!" कुरेमात्सु म्हणाले. "गाड्या लावतं कोण?"

शिगेनोबाईंनी खिडकीतून बोट दाखवलं.

जहाजाच्या तोंडाशी, उतरत्या फळीवर, पांढरे हातमोजे घातलेला एक रुंद खांद्यांचा म्हातारा उभा होता. तोंडात शिटी. हे कात्सुझो उराबे. एक्केचाळीस वर्षं ते या जहाजावर गाड्या लावत होते. त्यांच्याकडे ना टेप ना कागद. येणाऱ्या गाडीकडे ते एकदा बघायचे, सासरे जावयाकडे बघतात तसं, आणि हातानं जागा दाखवायचे. गाडी उलटी मागे मागे येत नेमकी तिथं जाऊन बसायची.

कुरेमात्सु जवळ गेले. जहाजाचं इंजिन घरघरत होतं, एक ट्रक मागे येत पींपीं करत होता.

"दोन गाड्यांमध्ये किती अंतर सोडता?" त्यांनी ओरडून विचारलं.

उराबेंनी शिटी तोंडातून काढली नाही. नुसती मूठ वळून दाखवली.

"एक मूठ?"

उराबेंनी मान हलवली.

कुरेमात्सुंनी खिशातून टेप काढली आणि उराबेंची मूठ मोजली! साडेनऊ सेंटिमीटर. वहीत लिहिली, खाली दोन रेघा मारल्या. एक्केचाळीस वर्षांत आपल्या मुठीचं माप कुणी घेतलेलं उराबेंना आठवत नव्हतं. ते स्वतःच्या मुठीकडे बघतच राहिले.

सगळं माप घेऊन झालं तेव्हा जहाज सुटायला वेळ होता. रांगेत एक पांढरी व्हॅन उभी होती, आणि तिचं दार उघडं टाकून एक म्हातारी संत्रं सोलत बसली होती. तिनं अर्धं संत्रं पुढे केलं.

"घ्या गुरुजी. बेटावरचंच आहे."

त्या तोमिए आजी. वय एकोणऐंशी. दोन्ही मूत्रपिंडं थकलेली; सोमवार, बुधवार, शुक्रवार पलीकडे जाऊन डायलिसिस करून घ्यायचं. व्हॅन तीन गावं फिरून अशा तिघांना गोळा करायची.

"उन्हाळ्यात पितरांच्या सणाला आमची व्हॅन राहिली होती," आजी म्हणाल्या. "वाटेत चाक बसलं. आलो तोवर जहाज भरलेलं."

"मग? काय केलंत?"

"काय करणार? जहाजाला हात केला."

हे त्यांनी इतकं सहज सांगितलं, की कुरेमात्सुंच्या तोंडातली संत्र्याची फोड तिथंच थांबली.

"दुसऱ्या दिवशी पायात चप्पल जाईना. मग श्वास लागला. शेवटी गस्तीच्या बोटीनं नेलं, वाचले. तेव्हापासून आमची जागा राखून ठेवतात. उराबे स्वतः उभा राहतो आमच्या जागेवर."

"मग आता अडचण नाही."

"असं कसं? मी गेले की दुसरं कोणीतरी राहतं ना!" आजींनी सालं रुमालात बांधली. "परवा एक पोरगी राहिली, परीक्षेला निघालेली. जहाज सुटल्यावर ती धक्क्यावर उभी, आणि मी वरच्या खिडकीत. आठवड्यातून तीन वेळा कुणीतरी माझ्यापायी तिथं उभं असतं, गुरुजी. त्या माणसाकडे मला बघवत नाही."

परतीच्या वाटेवर कुरेमात्सुंनी वही उघडली आणि मिटली. बावीस आणि एकोणतीस. आजवर त्यांनी शेकडो आकडी संख्या हाताळल्या होत्या, पण कुठल्याही संख्येतून कुणी धक्क्यावर उभं राहून त्यांच्याकडे बघितलं नव्हतं.

एका दुपारचं काम दोन महिने चाललं. घरी जेवणाच्या टेबलावर ते काड्यापेट्या लावायला लागले. भाताची वाटी कडेला गेली, माशांची बशी खाली गेली. गर्दीच्या दिवशी येणाऱ्या एकूण एक गाडीची लांबी-रुंदी शिगेनोबाईंनी कळवली. कुरेमात्सुंनी प्रत्येकीचा चौकोन कापला, हजार प्रकारांनी मांडला आणि अखेर एका सकाळी टेबलावर थाप मारली. एकोणतीस! एकूण एक! मध्ये सगळीकडे साडेनऊ सेंटिमीटर. डब्यात चिरोटे बसावेत तशा गाड्या बसत होत्या.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. कुरेमात्सुंना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. आयुष्यभर ते बसनं फिरले.

मांडणीचा नकाशा बघून शिगेनोबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती सुबक हो! गोधडीच जणू!"

उराबेंनीही नकाशा बघितला. उलटा धरून बघितला, सुलटा करून बघितला. मग घडी घालून परत दिला.

"तुमचं काय म्हणणं, उराबेकाका?" शिगेनोबाईंनी विचारलं.

"आपलं काय म्हणणं असणार!" उराबे म्हणाले. "आपण अंदाजपंचे माणूस. विद्यापीठातनं कागद आलाय. कागदात आहे तशा लावतो. एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही."

"अगदी तसंच करा!" कुरेमात्सु खूष होऊन म्हणाले. त्यातला टोमणा शिगेनोबाईंना कळला, खिडकीवरच्या मांजरालाही कळला असेल. त्यांना नाही कळला.

शरदातली जत्रा झाल्यानंतरचा सोमवार ठरला. बरोबर एकोणतीस गाड्या आल्या. प्रत्येकीच्या काचेवर आकडा चिकटवला. सूचना दोनच : बाजूचे आरसे मिटवायचे, आणि लांब शिटी होईपर्यंत कुणीही गाडीतून उतरायचं नाही. एरवी गाडी लागली की ड्रायव्हर उतरून वर जायचे. पण उतरणारी माणसं मधे आली की वेळ जातो, असं कुरेमात्सुंच्या लक्षात आलं होतं. असल्या बारीक गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटत नसत!

"गुरुजी, तुम्ही आमच्यात बसा," तोमिए आजींनी हाक मारली. "मान तुमचा आहे." एरवी आजी आणि बाकीचे दोघे धक्क्यावरच उतरून हळूहळू वर जायचे. पण आज आजींना गाडीत बसून ती गोधडी आतून बघायची होती. कुरेमात्सु त्यांच्या शेजारी बसले. व्हॅनचा ड्रायव्हर होता हातानाका. त्यानं व्हॅन उलटी आत नेली, तिसऱ्या ओळीत बरोबर मधोमध.

गाड्या येत गेल्या. उराबे कागद बघायचे, हात दाखवायचे, मूठ लावून अंतर तपासायचे, पुढची बोलवायचे. सत्तावीस... अठ्ठावीस... शेवटी कुसाबा मासेवाल्याचा छोटा ट्रक मागे येत अलगद आत शिरला. एकोणतीस! धक्का रिकामा! पहिल्यांदाच जहाज सुटायच्या आधी धक्क्यावर एकही गाडी नव्हती. शिगेनोबाई ऑफिसच्या दारात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. उराबेंनी लांब शिटी दिली.

कॅप्टन निशिमुतांचा आवाज भोंग्यातून आला. "ड्रायव्हर मंडळींनी वर बसायच्या जागेत यावं."

कुणी आलं नाही.

"ड्रायव्हर मंडळींनी कृपया वर यावं."

खालून खुट खुट असा आवाज आला. मग खुट खुट खुट. एकोणतीस दारं उघडायचा प्रयत्न करत होती. प्रत्येक दार साडेनऊ सेंटिमीटर जात होतं आणि शेजारणीला टेकत होतं.

व्हॅनचं दार सरकणारं होतं. कुरेमात्सुंनी ते ओढलं. ते अगदी सरळ, पूर्ण उघडलं! आणि उघडल्यावर समोर, मूठभर अंतरावर, दुसऱ्या गाडीच्या काचेत विहारातल्या जिक्काई महाराजांचा चेहरा होता. महाराज पलीकडे एका श्राद्धाला निघाले होते. त्यांनी काच खाली केली.

"नमस्कार, गुरुजी," ते म्हणाले. "उतरायचं कसं?"

कुरेमात्सुंनी महाराजांकडे बघितलं. मग हातातल्या नकाशाकडे. एकोणतीस सुबक चौकोन. एकाही चौकोनाला दार काढलेलं नव्हतं.

त्यांनी नकाशा उलटा धरून बघितला, उराबेंनी बघितला होता तसा.

"उराबेसाहेब!" त्यांनी खिडकीतून डोकं काढून आरोळी ठोकली. "तुम्ही एक मूठ सांगितली होतीत!"

"पुढे-मागे!" जहाजाच्या तोंडाशी उभ्या उराबेंनी तिथून आरोळी परतवली. "पुढच्या-मागच्या गाडीत एक मूठ! बाजूला कोण मूठ ठेवतं?"

"बाजूला किती, ते सांगितलं नाहीत!"

"तुम्ही बाजूचं विचारलंत कुठं?"

दोघांच्या मध्ये एकवीस गाड्यांची टपं होती आणि प्रत्येक खिडकीतून एकेक डोकं बाहेर आलेलं होतं. डोकी एकदा इकडे, एकदा तिकडे वळत होती.

"माझा बर्फ वितळतोय!" कुसाबा ओरडला. तो सगळ्यात पुढे, फळीजवळ होता. त्याला नुसती गाडी बाहेर काढायची होती, पण ओरडायला सगळ्यांत जास्त तोच ओरडत होता.

जिक्काई महाराजांनी तेवढ्यात स्वतःपुरता मार्ग काढला. खिडकीतून बाहेर पडून टपावर चढायचं. डोकं आलं, एक हात आला, खांदे आले. मग त्यांची काळी कफनी कशात तरी अडकली आणि महाराज तिथंच थांबले, अर्धे संसारात आणि अर्धे बाहेर.

"ओढू का, महाराज?" हातानाकानं विचारलं.

"नको. फाटेल. आहे इथंच बरा आहे."

कॅप्टन निशिमुता स्वतः जिन्याच्या पायरीवर आले. सगळा देखावा त्यांनी शांतपणे बघितला. "गाड्यांच्या मजल्यावर माणसं ठेवून मी दोर सोडणार नाही," ते म्हणाले. "उद्या आग लागली, पाणी शिरलं, तर ही सगळी डब्यातच राहतील. बाहेर काढा. सगळ्या."

"सगळ्या?" उराबेंनी विचारलं.

"सगळ्या. आणि पुन्हा पहिल्यापासून लावा."

पावणेआठ होऊन दहा मिनिटं झाली होती. कुरेमात्सु मागे टेकले. शेजारी तोमिए आजी हातात पिशवी धरून सरळ बसल्या होत्या. मागच्या बाकावरचे दोघे आजारी म्हातारे एकमेकांकडे बघत होते.

"किती वाजता असतं तुमचं?" कुरेमात्सुंनी विचारलं.

"साडेनऊला. मशीन मोजकी आहेत. आपली वेळ गेली की पुढच्याची लागते."

"आजी..."

"आता बोलू नका, गुरुजी," आजी हळूच म्हणाल्या. "आता विचार करा. ते तुम्हाला येतं."

गाड्या बाहेर निघायला लागल्या. शेवटची पहिली, मग तिच्या मागची. धक्क्यावर जत्रेपेक्षा मोठी गर्दी झाली. कोण कुठे वळतंय, कोण कुणाला हॉर्न देतंय, पत्ता नव्हता. शिगेनोबाई फोनच्या तारेत गुंतून हॉस्पिटलशी बोलत होत्या. "हो हो, तिघं! नाही हो, वादळ नाही. गणित! गणितामुळे उशीर होतोय!"

व्हॅन बाहेर आली तेव्हा आठ वाजून आठ मिनिटं झाली होती. कुरेमात्सु उतरले. आता जुन्या रीतीनं बावीस गाड्या चढणार, सात मागे राहणार, आणि वर जहाजाला उशीर. दोन महिने राबून त्यांनी परिस्थिती होती त्याहून वाईट केली होती! निरुपयोगी गणित त्यापेक्षा किती बरं होतं. त्यानं निदान कुणाचं जहाज अडवलं नव्हतं.

एवढ्यात बाजूला भांडण जुंपलं. कुसाबाचा ट्रक गर्दीत वळून उलट्या तोंडानं उभा राहिला होता, आणि त्याला अगदी खेटून टपालाची गाडी. दोघांच्याही ड्रायव्हरचं दार आतल्या बाजूला. दोघंही तावातावानं दार उघडून खाली उतरले आणि त्याच चिंचोळ्या जागेत समोरासमोर उभे राहिले, पोटाला पोट लावून!

"तू मागे हो!"

"तू हो! मी सरकारी माणूस आहे!"

"टपाल काय सडतं का? माझे बांगडे सडतायत!"

कुरेमात्सु बघत होते. दोन माणसं. दोन उघडी दारं. आणि जागा एकच.

"हलू नका!" ते किंचाळले.

दोघंही घाबरून पुतळ्यासारखे थांबले. कुरेमात्सु टेप घेऊन त्यांच्या पोटांमधून आत घुसले, जमिनीवर बसले आणि अंतर मोजायला लागले. टपालवाल्याला वाटलं, अपघाताचा पंचनामा चाललाय. त्यानं टोपी सरळ केली.

"एक फट, दोन माणसं!" कुरेमात्सु धावत उराबेंकडे गेले. "उराबेसाहेब, एक गाडी सुलटी, शेजारची उलटी! म्हणजे दोघांची दारं समोरासमोर येतात! दोघांना मिळून एकच वाट पुरते! आणि पलीकडच्या बाजूला... पलीकडच्या बाजूला मूठभरसुद्धा चालेल! तिथून कुणी उतरतच नाही!"

उराबेंनी शिटी तोंडातून काढली. ते रिकाम्या जहाजाकडे वळले आणि बघत राहिले. नजर एकेका ओळीवरून सरकत होती, ओठ हलत होते. कुरेमात्सुंना तेवढ्या धांदलीतही कळलं, की हा माणूस ते सगळं तिथं, बिनकागदाचं, मांडतोय. आपल्याला काड्यापेट्या लागल्या होत्या.

"पंचवीस," उराबे म्हणाले. "छोट्या गाड्या डाव्या अंगाला घेतल्या तर पंचवीस."

"सव्वीस नाही?"

"सव्वीस तुमच्या कागदावर. माझ्या जहाजावर पंचवीस."

"पंचवीस!" कुरेमात्सु म्हणाले. वाद घालायची त्यांची टाप नव्हती.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. व्हॅनमधले तिघे आधी उतरून वर गेले. एक गाडी उलटी, एक सुलटी. उराबे हात फिरवत होते आणि कुरेमात्सु धावत जाऊन प्रत्येक ड्रायव्हरला सांगत होते, "तुम्ही तोंड आत! तुम्ही तोंड बाहेर!" प्रत्येक ड्रायव्हर लगेच उतरत होता, शेजारच्यासाठी अंग चोरत होता, "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत वाकत होता. पंचविसावी गाडी लागली. दारं उघडली, मिटली. कॅप्टननी दोर सोडले.

साडेआठ वाजले होते. शिगेनोबाईंनी ऑफिसच्या दारातून दोन्ही हात उंच केले. "सव्वादहापर्यंत मशीन धरून ठेवतायत! पोचतील!"

धक्क्यावर चार गाड्या राहिल्या. त्यांच्यासोबत कुरेमात्सु राहिले. वर खिडकीत तोमिए आजी दिसत होत्या. त्यांनी हात केला. कुरेमात्सुंनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि जहाज वळेपर्यंत मान वर केली नाही.

राहिलेल्या चौघांत जिक्काई महाराज होते. व्हॅनमधल्यांनी आत ढकलल्यावर ते सुटले होते, पण फाटलेली कफनी जोडायला सुई शोधण्यात त्यांची पाळी गेली. आता श्राद्धाचं काय करायचं? महाराजांनी पलीकडच्या घरी फोन लावला. तिथल्या मंडळींनी फोन देवघरासमोर ठेवला, उदबत्ती लावली. महाराज धक्क्यावर, दोर बांधायच्या खुंटावर बसले आणि फोनमध्ये मंत्र म्हणायला लागले. बाकीचे तिघे गाडीवाले टोप्या काढून उभे राहिले. ज्यांचं श्राद्ध होतं ते कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. पण मंत्र चालू असताना निघून कसं जायचं?

उराबे कुरेमात्सुंच्या शेजारी येऊन बसले. एकदा जहाज सुटलं की संध्याकाळपर्यंत त्यांना धक्क्यावरचंच काम असायचं. हातमोजे काढून त्यांनी मांडीवर ठेवले.

"दुसऱ्या ओळीतच कळलं होतं मला," ते म्हणाले.

"काय?"

"दारं उघडणार नाहीत ते."

कुरेमात्सुंनी त्यांच्याकडे बघितलं. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठं?" उराबे म्हणाले. मग त्यांनी हातमोज्यांची बोटं एकेक सरळ केली. "नाही. हे खोटं. तुम्ही विचारलं असतंत तरी सांगितलं नसतं. मला बघायचं होतं. एक्केचाळीस वर्षं मी जे करतो ते कुणी वहीत लिहिलं नाही. तुम्ही आलात, माझी मूठ मोजलीत आणि निघून गेलात. म्हटलं, होऊ दे फजिती." त्यांनी घसा साफ केला. "तोमिएबाई आत होत्या. ते मला दिसत होतं. तरी मी पुढची गाडी बोलावली."

कुरेमात्सुंना रागवायचं होतं. राग येईना.

"मी दोन महिन्यांत तुम्हाला एकच प्रश्न विचारला," ते शेवटी म्हणाले. "आणि तोही इंजिन चालू असताना."

उराबे हसले नाहीत. पण त्यांनी खिशातून भाताचे दोन गोळे काढले आणि एक कुरेमात्सुंच्या हातावर ठेवला. आत खारवलेलं आंबट आलुबुखार होतं. अजून दुखरा असलेला दात चांगलाच कळवळला. कुरेमात्सुंनी तो गोळा शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.

संध्याकाळी पाचला जहाज आलं. व्हॅन उतरली, आणि दोघं जण शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखे शेजारी शेजारी उभे राहिले. दार सरकलं. तोमिए आजी थकलेल्या होत्या, पण चेहऱ्याची सूज उतरली होती. उराबे इतके खाली वाकले, की टोपी पडली.

"माझी चूक झाली," ते म्हणाले.

"माझी," कुरेमात्सु म्हणाले.

"मला कळलं होतं आणि मी..."

"मीच विचारलं नव्हतं, म्हणून..."

"थांबा रे दोघं!" आजी म्हणाल्या. "आज किती राहिले मागे?"

"चार."

"तुझ्या रीतीनं लावल्या असत्यास तर?"

"सात."

"मग ज्या चौघांना ठेवलंत, त्यांची माफी मागा. जे तिघं जास्तीचे गेले, त्यांच्याकडून आभार घ्या. मी यात कुठं बसते?" त्यांनी दार ओढून घेतलं. मग पुन्हा वीतभर उघडलं. "बुधवारी बाजूला नीट जागा ठेव, उराबे. मला बघायला आवडलं, पण एकदाच."

बुधवारपासून नवी रीत चालू झाली. लगेच कटकटीही चालू झाल्या. कुसाबा म्हणाला, मी तोंड आत करून लावणार नाही, माझ्या ट्रकचं नाव समोरून लिहिलेलं आहे. टपालवाला म्हणाला, मला कुसाबाच्या शेजारी देऊ नका. बेटावरच्या दोन जावांची गेल्या सात वर्षांत बोलाचाल नव्हती; त्यांच्या गाड्यांची दारं एके दिवशी समोरासमोर आली आणि एकीला दुसरीला "आधी तू" म्हणावं लागलं. उराबे हे सगळं सांभाळत होते. कुरेमात्सु दर पंधरा दिवसांनी येत होते, आणि आता इंजिन बंद असताना प्रश्न विचारत होते.

वर्षाअखेरी बंदर खात्याचा एक फॉर्म आला. गाड्या लावायची रीत बदलली की तो भरावा लागतो. शिगेनोबाईंनी चष्मा लावला, पेन उघडलं. कुरेमात्सु समोर चहा घेऊन बसले होते.

"गाड्यांची संख्या... भरली. माणसांना उतरायला वाट... भरली. हं, हे बघा सर, हे तुम्हीच सांगा. 'या रीतीमागे कोणतं गणित आहे, ते थोडक्यात लिहावं.'"

कुरेमात्सुंनी पेला खाली ठेवला. दोन महिन्यांच्या काड्यापेट्या, हजार मांडण्या, त्या सगळ्या केराच्या टोपलीत गेल्या होत्या. उरलं होतं ते एवढंच : पहिली गाडी सुलटी, दुसरी उलटी, तिसरी सुलटी, चौथी उलटी.

"लिहा," ते म्हणाले. "सम आणि विषम."

शिगेनोबाईंनी लिहिलं आणि पेन धरून थांबल्या. "पुढे?"

"पुढे काही नाही."

"सर, माझा धाकटा दुसरीत आहे. त्याला हे याच महिन्यात शिकवलं."

"हो. दुसरीतच असतं ते."

शिगेनोबाईंनी फॉर्म डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "पण सर, रकाना आठ ओळींचा आहे हो. इतका मोकळा दिसतोय. काहीतरी सांगा ना अजून!"

कुरेमात्सुंनी बराच वेळ विचार केला. त्यांचे कान लाल झाले होते.

"मग असं करा," ते म्हणाले, "जरा मोठ्या अक्षरात लिहा."